स्कूबा डायव्हिंगसाठी चाकू कोणता घ्यावा आणि तो गंजू नये म्हणून काय करावे?

तुमचा ओपन वॉटर कोर्स, म्हणजे स्कूबाचा पहिला प्रशिक्षणवर्ग, नुकताच झाला आहे आणि पिंढरीला बांधायचा मोठा चाकू घ्यावा का, टायटॅनियमसाठी जास्त पैसे मोजावेत का, असे तुम्ही विचारले आहे. मोठा चाकू घेऊ नका. टायटॅनियमचे पुढे सांगतो.

आधी पाण्याखाली नक्की काय कापावे लागते ते पाहू. बहुतेक वेळा तंगूस, म्हणजे मासेमारीचा तो पारदर्शक नायलॉन दोरा. त्याखालोखाल जुन्या जाळ्यांचे तुकडे, दोर आणि कधी गळाला जोडलेली बारीक तार. तंगूस पाण्यात जवळजवळ दिसत नाही, टाकीच्या व्हॉल्व्हला किंवा फिनच्या (पायात घालायच्या पंखाच्या) बकलला अडकतो आणि आपण वळून बघायला गेलो की आणखी गुंडाळतो. म्हणून अडकल्यावर थांबायचे, गरगर फिरायचे नाही, बडीला, म्हणजे सोबतच्या डायव्हरला, खूण करायची. हत्यार त्यानंतर.

चाकूची अडचण अशी की दोरा ताणलेला असल्याशिवाय तो नीट कापत नाही, आणि ताणायला दुसरा हात लागतो. तो हातच अडकला असेल तर? त्यामुळे माझी पहिली पसंती लाइन कटरला. खाचेत बसवलेले ब्लेडसारखे पाते, दोरा त्यात घालून ओढला की तुटतो. बोट कापायची भीती नाही, हत्यारही मुठीत मावते. जाड दोर मात्र त्या खाचेत शिरतच नाही, तरंगता सैल दोराही कटरपुढे नुसता सरकत राहतो. अशा वेळी ट्रॉमा शिअर्स, म्हणजे रुग्णाचे कपडे कापायला वापरतात ती बोथट टोकाची कात्री, कामी येते. ती सैल दोरा कापते, बारीक तारही कापते आणि एका हाताने चालते. ही दोन असली की चाकू ऐच्छिक. घ्यायचाच असेल तर लहान, बोथट टोकाचा, एका बाजूला साधी आणि दुसऱ्या बाजूला दातेरी धार असलेला घ्या. साधी धार तंगुसाला, दातेरी दोराला.

दोन्ही हत्यारे एकाच जागी लावू नका. एक बीसीडीच्या (हवा भरून तरंगणे सांभाळायच्या जाकिटाच्या) खांद्याच्या पट्ट्यावर, दुसरे कमरेच्या पट्ट्यावर समोर, आणि दोन्हीपर्यंत दोन्ही हात पोचले पाहिजेत. पिंढरीवर हात सहज जात नाही, शिवाय तिथला चाकू स्वतःच दोऱ्यात अडकतो. पोचतो की नाही ते पूर्ण सामान घालून, हातमोजे असतील तर तेही घालून, डोळे मिटून तपासा.

आता धातू. टायटॅनियम समुद्राच्या पाण्यात गंजत नाही, पण कडक पोलादाइतकी धार टिकवत नाही. स्टेनलेस पोलादाच्या प्रतींना क्रमांक असतात; त्यांतल्या ३०४ आणि ३१६ गंजाला चांगले तोंड देतात, पण मऊ असतात. ४२० किंवा ४४० धार छान धरतात, पण गंजतात. एच-१ नावाच्या पोलादात कार्बनच्या जागी मुख्यतः नायट्रोजन असतो, त्यामुळे ते जवळजवळ गंजतच नाही. मात्र स्वस्त नाही. नियमित धुणार असाल तर साधे स्टेनलेसही पुरते. आळशी असाल (बहुतेक डायव्हर असतातच) तर टायटॅनियमला पैसे द्या.

गंज बहुधा दिसत नाही तिथे सुरू होतो. स्टेनलेसवर क्रोमियम ऑक्साइडचा अगदी पातळ थर असतो. मिठातले क्लोराइड तो फोडते, आणि म्यानाच्या आत किंवा कात्रीच्या रिव्हेटखाली प्राणवायू कमी पोचत असल्याने थर पुन्हा भरून येत नाही. तिथे बारीक खड्डे पडतात. म्हणून प्रत्येक दिवसाच्या डाइव्हनंतर हत्यार म्यानातून काढून गोड्या पाण्यात बुडवून ठेवा, म्यानही धुवा, कात्री पाण्यातच चार वेळा उघड-मीट करा. पूर्ण वाळल्यावर पात्यावर सिलिकॉन ग्रीसचा पुसट हात फिरवा. पेट्रोलियम तेल नको, रबरी पट्टे त्याने खराब होतात. आणि ओले हत्यार म्यानात घालून बॅग बंद करणे तर अजिबात नको.

धार अंगठ्याने बघू नका, तंगूस आणि दोराचा तुकडा जवळ ठेवून कापून बघा. विणलेला पॉलिएथिलीनचा दोरा मिळाला तर उत्तमच, तो गुळगुळीत असल्याने बोथट पाते त्यावरून सरळ घसरते. साध्या धारेला धारेचा दगड चालतो, कटरचे पाते बदलता येत असेल तर डाग दिसताच बदला, कात्री खिळखिळी झाली की नवीन घ्या.

काही सागरी उद्यानांत चाकू नेण्यास मनाई असते, जायच्या आधी तिथले नियम विचारून घ्या. विमानाने जाताना ही हत्यारे हातातल्या बॅगेत नको, चेक-इन सामानात टाका.