नाव कोणाचं होतं तिथून सुरू कर

अरे, तुझा ड्राफ्ट काल रात्री दोनदा वाचला. भाषा छान चाललीये, पण मॅथ्यू कीरन्सला तू जवळजवळ हिरो करून टाकलंयस. पोरवयात गाडीचोरीच्या केसमध्ये कोर्टात हजर न होता पळाला, 1988 पासून एका जुन्या सहकाऱ्याचं नाव लावलं, त्याच नावावर लग्न, मूल, आयोवा विद्यापीठाच्या हॉस्पिटलात सिस्टीम अ‍ॅडमिनची भरपूर पगाराची नोकरी, आणि कोणाला पत्ता नाही, हे थरारक वाटतं, मान्य.

पण ज्याचं नाव होतं तो कुठेय तुझ्या लेखात? दोन ओळीत उरकलास त्याला!

2019 मध्ये तो बेघर होता. लॉस एंजेलिसच्या एका बँकेत गेला, म्हणाला माझ्या नावावर कोणीतरी कर्ज करून ठेवलंय, खाती बंद करा. खरी कागदपत्रं दाखवली, पण सिक्युरिटीच्या प्रश्नांची उत्तरं येईनात, कशी येणार, ती दुसऱ्यानेच भरलेली. बँकेने खात्यावरच्या नंबरला फोन लावला, उचलला कीरन्सने, आणि पोलिसांनी धरलं कोणाला तर खऱ्याला. मी मीच आहे असं तो सांगत राहिला म्हणून त्याला वेडा ठरवून गोळ्या सुरू केल्या. 428 दिवस जेल, वर 147 दिवस मनोरुग्णालय. शेवटी कोर्टाने बजावलं की यापुढे फक्त आपलं 'खरं' नाव वापरायचं, म्हणजे कीरन्स. हे लिहिताना आजही माझा हात थांबतो.

'फरारी हुशार असतो म्हणून टिकतो' हे तुझं वाक्य खोड. तो टिकला कारण 2012 मध्ये त्याने केंटकीतून दुसऱ्याचा जन्मदाखला मिळवला होता आणि बेघर माणसाचं ऐकायला कोणी बसलं नव्हतं. ऐकलं ते 2023 मध्ये एका डिटेक्टिव्हने, खऱ्याच्या वडिलांची डीएनए टेस्ट करून घेतली आणि मग कीरन्सला साधा प्रश्न टाकला, तुझ्या वडिलांचं नाव काय? त्याच्या तोंडून स्वतःच्याच वडिलांचं नाव निघालं. पस्तीस वर्षं सांभाळलेलं सगळं तिथे संपलं. हा प्रसंग घाईत उरकू नकोस, नीट वेळ दे त्याला.

सुरुवात बँकेच्या काउंटरवरून कर, 2025 मधली 12 वर्षांची शिक्षा शेवटी एका ओळीत आली तरी चालेल. झालं की पाठव, उशीर झाला तरी मी जागाच असतो.