लादी फोडू नका: हॅम-चीज स्लायडर्सबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात हॅम-चीजच्या बेक केलेल्या छोट्या सँडविचची कृती दिली, अमेरिकेत ज्यांना स्लायडर्स म्हणतात ती, आणि तेव्हापासून मेसेज काही थांबत नाहीयेत. ज्यांच्या हाती तो अंक लागला नाही त्यांच्यासाठी पटकन सांगते. दोन लाद्या मिळून 12 पाव घ्यायचे पण ते सुटे करायचे नाहीत, लादी तशीच आडवी ठेवून ब्रेडच्या लांब सुरीने मधून कापायची म्हणजे खालचा एक अख्खा थर आणि वरचा एक अख्खा थर मिळतो. खालच्यावर चीज, मग 250 ग्रॅम हॅम (डुकराचं खारवलेलं मांस), परत चीज (दोन्ही मिळून 200 ग्रॅम), वर दुसरा थर. त्यावर 75 ग्रॅम वितळलेलं बटर, एक टेबलस्पून डिजाँ मस्टर्ड (फ्रेंच पद्धतीची मोहरीची पेस्ट), एक टेबलस्पून मध, एक चमचा वूस्टरशायर सॉस आणि चमचाभर खसखस असं ग्लेझ लावायचं, 180 डिग्रीला फॉइल झाकून 15 मिनिटं आणि फॉइल काढून 5-7 मिनिटं. झालं.

आता प्रश्न.

ताई, सगळं तुम्ही सांगितलं तसंच केलं. चव मस्त पण खालचा पाव एकदम पचपचीत, उचलला की हातात तुटायचा. पाहुण्यांना शेवटी काटे-चमचे द्यावे लागले. कुठे चुकलं? (ठाणे)

सगळ्यात जास्त मेसेज ह्याच एका गोष्टीवर आलेत त्यामुळे जरा सविस्तर लिहिते. पाणी येतं ते हॅममधून. पॅकेटचं हॅम तयार करताना मांसात मिठाचं पाणी टोचून घालतात, त्यामुळे पॅकेट उघडलं की स्लाइस ओल्याच निघतात, आणि फ्रोजन आणून घाईघाईत बाहेर ठेवून मोकळं केलं असेल तर अजूनच पाणी सुटतं. म्हणून पहिलं काम, फ्रोजन हॅम आदल्या रात्री फ्रीजमध्ये खालच्या कप्प्यात ठेवा, सकाळी स्लाइस सुट्या करून स्वच्छ सुती फडक्यावर किंवा किचन टॉवेलवर पसरा आणि वरून दाबून कोरड्या करा. दुसरं, चीज दोन्ही बाजूंनी हवंच. लोक पैसे वाचवायला एकच थर घालतात आणि तोही हॅमच्या वर, मग खालच्या पावाला वाली कोणी नाही. चीज वितळून पावावर बसतं आणि हॅमचं पाणी आत मुरू देत नाही.

तिसरं म्हणजे खालचा थर काही न घालता तसाच 4-5 मिनिटं ओव्हनमध्ये आधी भाजून घ्या, कापलेली बाजू वर. नुसती कोरडी व्हायला हवी, लाल नको. आणि चौथं, ग्लेझ. ते वरून ओतलं की कडेने ओघळून ट्रेच्या तळाला साचतं आणि तिथे पाव त्यात बसून राहतो. अमेरिकन कृतींमध्ये ओतायलाच सांगतात, पण तिथले रोल जरा घट्ट असतात, आपला पाव म्हणजे नुसता कापूस. मी तरी ब्रशने लावते, अर्धं झाकायच्या आधी आणि उरलेलं फॉइल काढल्यावर. टोमॅटो, काकडी, कांद्याच्या चकत्या असलं काही आत घातलं असेल तर मात्र ह्यातलं काहीच उपयोगाचं नाही. ते ताटलीत बाजूला ठेवा.

मी न्यू जर्सीत असते. इथे सगळे हवाईयन रोल्सचंच (गोडसर छोटे पाव) करतात, इंडियन स्टोअरमध्ये लादी पावही मिळतो. सासूबाई नाशिकहून आल्यात, त्यांना गोड ब्रेड आणि खारट मांस हे कॉम्बिनेशनच पटत नाहीये. पावाचं केलं तर ओरिजिनलची मजा जाईल का?

अजिबात नाही जाणार, चव बदलेल एवढंच. मुळात त्या पदार्थाची गंमत अशी आहे की हॅमचा खारटपणा, मस्टर्डचा झणका आणि ब्रेडचा गोडवा एकत्र लागतो. पाव गोड नाही म्हणून तर मी ग्लेझमध्ये मध घातलाय. तुम्ही हवाईयन रोल्स वापरणार असाल तर मध काढून टाका, नाहीतर सासूबाई म्हणतील ते बरोबरच ठरेल! त्यांच्यासाठी पावाचं करा, मध अर्धा चमचा, मस्टर्ड थोडं जास्त, आणि वर बारीक चिरलेली मिरची भुरभुरवा. ते रोल्स न् आपला पाव तसे एकाच घराण्यातले आहेत बरं का. 1878 पासून मदेरा या पोर्तुगालच्या बेटावरून पोर्तुगीज मजूर हवाईच्या उसाच्या मळ्यांवर गेले, त्यांनी आपला गोड ब्रेड तिकडे नेला, आणि 1950 मध्ये रॉबर्ट तायरा नावाच्या जपानी वंशाच्या बेकरने हिलो गावात बेकरी काढून तो ब्रेड घरोघरी पोचवला, त्याचाच पुढे किंग्ज हवाईयन हा ब्रँड झाला. आणि आपल्याकडे गोव्यात पाव आणला तोही पोर्तुगीजांनीच. तर नाशिककरांना परकं वाटायचं कारण नाही!

आई पुढच्या आठवड्यात पुण्याहून दुबईला येतेय. इथे खसखस मिळत नाही, तिला अर्धा किलो आणायला सांगितलीय. पांढरी चालेल ना? काळीच हवी का?

आईला आत्ता, हे वाचता वाचता फोन करा. संयुक्त अरब अमिरातीत खसखस न्यायला बंदी आहे, ती अफूच्या बोंडातली म्हणून, आणि कस्टमवाले ‘मला माहीत नव्हतं’ ऐकून घेत नाहीत. सिंगापूरवाल्यांनीही लक्षात ठेवा, तिथेही तेच. बॅगेत अनारसे असतील तर त्यांनाही खसखस लागलेली असते हे आयांच्या डोक्यातच येत नाही. सँडविचवर पांढरे तीळ लावा, भाजून. काळ्या-पांढऱ्याचा प्रश्न निकालात.

ताई मी विमाननगरला फ्लॅटवर राहतो, चार जण आहोत. ओव्हन नाही, एक गॅस आणि एक कढई. होईल का?

होईल रे. केकचा डबा आहे का, किंवा कडा असलेली कुठलीही ताटली? जाड बुडाच्या कढईत स्टँड किंवा उपडी वाटी ठेव, घट्ट झाकण लावून पाच मिनिटं मध्यम आचेवर कढई तापव, मग डबा आत ठेवून गॅस बारीक कर. चार-सहा पावांना 12 ते 15 मिनिटं पुरतात. मधल्या दोन पावांच्या जोडावर सुरी खुपसून दहा सेकंद ठेव, बाहेर काढून पातं गरम लागलं आणि चीजची तार आली की झालं. झाकणाला वाफ धरते, ती पावावर टपटप गळते म्हणून झाकणाला आतून फडकं बांध, गाठ वरच्या बाजूला, आणि फडक्याची टोकं गॅसपासून लांब ठेव. वरून लालसर रंग येणार नाही, तो हवाच असेल तर शेवटी अख्खी लादी तव्यावर उलटी करून एक मिनिट. नॉनस्टिक कढई मात्र रिकामी तापवायची नाही.

चीज कोणतं? स्विस चीज लिहिलं होतं, इथे सांगलीत कुठून आणू? आणि हॅम तर त्याहून अवघड. (सांगली)

स्विस म्हणजे एमेंटल सारखं भोकांचं चीज, मोठ्या शहरांत मिळतं पण भाव ऐकून मूडच जातो. त्याची गरज नाही. आपलं नेहमीचं प्रोसेस्ड चीज आणि मोझरेला निम्मं निम्मं घ्या. नुसतं मोझरेला घातलं तर गरम असताना तारा छान येतात पण पाच मिनिटांत रबर होतं, आणि चवीला तसं फिकंच. प्रोसेस्ड चीजला चव असते, ते तेल सोडत नाही, नुसतं मऊ होऊन बसतं. दोघांची जोडी जमते. गौडा मिळालं तर सोन्याहून पिवळं.

मीठ मात्र सांभाळा. हॅमच्या 100 ग्रॅममध्ये साधारण अडीच-तीन ग्रॅम मीठ असतं, चीज खारट, आपलं पिवळं बटर खारट. म्हणून बटर बिनमिठाचं घ्या किंवा घरचं लोणी वापरा, घरच्या लोण्याचं तर फारच सुंदर लागतं. डिजाँ नसेल तर बंगाली कासुंदी चालते पण ती तिखट असते, निम्मीच घ्या.

हॅमसाठी कोल्ड स्टोरेजच्या दुकानात विचारा, ऑर्डर दिली तर मागवून देतात. नाहीच मिळालं तर उगाच सॉसेज चिरून घालू नका, त्यापेक्षा स्मोक्ड चिकनच्या स्लाइस घाला.

आमच्याकडे भिशीला 14 जणी येतात. काही जणी चिकन खातात पण पोर्क नाही, दोघी शुद्ध शाकाहारी. ‘हॅम’ म्हटलं की कळतंच ना सगळ्यांना? वेगळं सांगायला जरा अवघड वाटतं. (कोथरूड)

नाही कळत, आणि ह्यात त्या बायकांची काही चूक नाही. आपल्याकडे दुकानात चिकन हॅम पण सर्रास मिळतं, त्यामुळे कितीतरी लोकांना हॅम म्हणजे चिकनचाच एक प्रकार वाटतो. हॅम म्हणजे डुकराच्या मागच्या पायाचं, मिठात मुरवलेलं मांस. हे बोलावतानाच सांगायचं, ग्रुपवर लिहायचं, आणि ट्रेसमोर चिठ्ठी लावायची, ‘पोर्क’ अशी सरळ अक्षरं. ज्यांना नको त्यांना आधी कळलेलं बरं, पोटात गेल्यावर कळलं तर भिशी मोडेल. खरं सांगायचं तर 14 जणींत एवढे प्रकार असतील तर मी चिकन हॅमचा एक ट्रे आणि शाकाहारी एक ट्रे करीन, पोर्क हॅम घरच्या चार जणांसाठी ठेवीन. पण तुम्हाला करायचंच असेल तर ट्रे वेगळे, सुरी वेगळी, ग्लेझचा ब्रश वेगळा, आणि शाकाहारी ट्रे ओव्हनमध्ये आधी. शाकाहारीत मशरूम कोरडे होईस्तोवर परतून घाला, पाणी राहिलं तर पहिल्या प्रश्नावर परत या. वूस्टरशायर सॉसची बाटली फिरवून बघा, बऱ्याच ब्रँडमध्ये अँकोव्ही मासे असतात, आणि चीजवर हिरवा ठिपका आहे ना तेही, कारण काही परदेशी चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट (दूध घट्ट करायला घालतात ते) असतं.

सहावा महिना चालू आहे. मैत्रिणीकडे हे खाल्लं तर चालेल का? (बंगळुरू)

पॅकेटमधलं थंड हॅम तसंच खाऊ नका. लिस्टेरिया नावाचा जंतू फ्रीजच्या थंडीतही वाढतो आणि गरोदरपणात तो बाळापर्यंत पोचू शकतो. हॅम 74 डिग्रीपर्यंत, वाफा येईस्तोवर गरम झालं की तो मरतो. म्हणजे स्लायडर्स आतपर्यंत कडकडीत असतील आणि लगेच खाल्ले तर धोका बराच कमी, पण पार्टीत तासभर टेबलावर पडलेले असतील तर सोडून द्या. मैत्रिणीला सांगा की तुमच्यासमोर बाहेर काढायचे. आणि डॉक्टरांना विचाराच, तुमच्या तब्येतीचं त्यांना माहीत असतं.

मुलांना इतके आवडलेत की रोज डब्याला मागतात. देऊ का? (पनवेल)

रोज नको. प्रोसेस्ड मांस आतड्याच्या कॅन्सरला कारण ठरतं असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने 2015 मध्येच जाहीर केलंय. महिन्या-दोन महिन्यांतून एकदा घरी चार लोक जमल्यावर खायचा पदार्थ आहे हा. आणि डबा दुपारपर्यंत बाहेर राहतो ही वेगळीच अडचण.

हॅमऐवजी आमचा गोंयचा चोरीस घातला तर? (मडगाव)

घाला की, पण हॅम शिजवलेलं असतं आणि चोरीस, म्हणजे गोव्याचं मसालेदार पोर्क सॉसेज, कच्चा, हे विसरू नका. आवरणातून काढून कांद्याबरोबर आधी नीट शिजवून घ्या, सुटलेली चरबी निथळा, मग पावात. मस्टर्ड आणि मध तिथे नको, त्यात व्हिनेगर आणि मसाला आधीच भरपूर आहे, वर नुसतं बटर. चीजही बेतानेच. माझं मत विचाराल तर चोरीस-पाव आहे तसाच खावा, त्याला ओव्हनमध्ये घालायची हौस कशाला, पण घर तुमचं.

आदल्या दिवशी करून ठेवता येतात का? आणि उरले तर? (छत्रपती संभाजीनगर)

थर लावून, फॉइलमध्ये घट्ट गुंडाळून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. ग्लेझ अजिबात लावायचं नाही, ते वेगळ्या वाटीत, सकाळी परत कोमट करून बेक करायच्या आधी. थेट फ्रीजमधून घालत असाल तर झाकलेला वेळ पाच मिनिटं वाढवा, काचेचा ट्रे असेल तर तो आधी थोडा वेळ बाहेर ठेवा नाहीतर तडकेल. बाहेर काढल्यावर दोन तासांत संपवायचे, तुमच्याकडचा एप्रिल-मे असेल तर एका तासात. उरलेले फ्रीजमध्ये तीन दिवस राहतात. परत गरम करताना मायक्रोवेव्ह नको, पाव चामट होतो. एअरफ्रायरला 160 डिग्रीवर चार-पाच मिनिटं, किंवा झाकण ठेवून तव्यावर मंद आचेवर, आणि तेव्हा मात्र लादी खुशाल फोडा.