चाकणच्या कारखान्याला भरतीसाठी कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं?

तुमचा चाकणला १८० माणसांचा ऑटो पार्टचा कारखाना आहे, एचआरला दोघंच आहात, वर्षाला साठेक जागा भरता आणि आजवर सगळं एक्सेल आणि मेलवर चाललंय. झोहो रिक्रूट, केका आणि ग्रीनहाऊस यांतलं कोणतं घ्यावं, असं तुम्ही विचारलंय. मी याच पट्ट्यात भरतीचं काम करते, म्हणून थेट सांगते. ग्रीनहाऊस यादीतून काढा. पगार-हजेरी आधीच केकावर असेल तर त्यांचंच भरतीचं मॉड्यूल आधी वापरून बघा. नसेल तर झोहो रिक्रूट.

ग्रीनहाऊस चांगलंच आहे. प्रत्येक पदाचे निकष आधी ठरवायचे आणि मुलाखत घेणाऱ्या प्रत्येकाने त्या निकषांवर स्कोअरकार्ड भरायचं, ही त्यांची शिस्त मला मनापासून पटते. ती तुम्ही साध्या छापील फॉर्मवरही आणू शकता, आणावीच. पण ते सॉफ्टवेअर खुलतं ते लॅपटॉपवर बसून चार-पाच फेऱ्या घेणाऱ्या कंपन्यांत. तुम्हाला सीएनसी ऑपरेटर, क्वालिटी इन्स्पेक्टर आणि मेंटेनन्स फिटर हवेत.

झोहो रिक्रूटची ट्रायल सुरू करताना एक बघा. त्याचे दोन प्रकार आहेत, एक कंपनीच्या एचआरसाठी आणि एक कन्सल्टन्सीसाठी. तुम्हाला पहिला हवा. आकारणी वापरणाऱ्या माणसांवर आहे, त्यामुळे तुम्ही दोघंच असाल तर कारखाना वाढला तरी बिल फारसं वाढत नाही. केकाचा मूळ पिंड पगार-हजेरीचा. त्याचा फायदा असा की निवडलेल्या माणसाची माहिती जॉइनिंगला पुन्हा टाइप करावी लागत नाही. कुणाशीही बोलताना पैसे रिक्रूटरमागे, कर्मचाऱ्यामागे की चालू जागेमागे, हे आधी विचारा, आणि वर १८ टक्के जीएसटी धरा.

पण हे फीचर-दर बघून ठरवू नका. माझ्या मते निवड दोनच ठिकाणी होते: उमेदवाराच्या बायोडेटावर आणि तुमच्या प्रॉडक्शन मॅनेजरच्या फोनवर.

बायोडेटा आधी. डेमोत दाखवतात तो सीव्ही एकपानी, स्वच्छ, इंग्रजी असतो. तुम्ही तुमच्याकडे गेल्या वर्षी आलेल्या गठ्ठ्यातले तीस-चाळीस उचला आणि ट्रायलमध्ये तेच चढवा. त्यात व्हॉट्सअॅपवर आलेला कागदाचा फोटो असू द्या, सायबर कॅफेतून काढलेला दोन रकान्यांचा नमुना असू द्या, आणि जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेला एखादा असू द्या. हे जुने फॉन्ट युनिकोड नसतात. डोळ्यांना मराठी दिसतं, पण फाइलमध्ये खाली रोमन अक्षरं आणि चिन्हांचीच भेळ असते, आणि सॉफ्टवेअर तीच वाचतं. शोधायला गेलात की तो मुलगा सापडतच नाही.

नावांचा घोळ तर सगळीकडे होतो. दहावी-बारावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी असतं, मुलंही तसंच लिहितात, ‘जाधव सचिन बाळासाहेब’. सॉफ्टवेअर जाधवला पहिलं नाव आणि बाळासाहेबला आडनाव समजतं. पुढच्या वेळी तोच मुलगा नोकरी पोर्टलवरून ‘सचिन जाधव’ म्हणून येतो आणि दुसरी नोंद तयार होते. म्हणून डुप्लिकेट मोबाइल नंबरवरून पकडता येतो का, हे स्वतः करून बघा. कन्सल्टंटकडून माणसं घेत असाल तर यात थेट पैशाचा प्रश्न आहे. एकच उमेदवार दोघांनी पाठवला की फी कुणाची, यावर वाद होतोच, आणि वर्षाच्या पगाराच्या ८.३३ टक्के फी म्हणजे एका महिन्याचा पगार असतो. कुणाचा बायोडेटा किती वाजता आला, याची नोंद सॉफ्टवेअरमध्ये असली की वाद तिथेच मिटतो.

आता दुसरं टोक. भरती एचआरमुळे रखडते त्यापेक्षा जास्त रखडते ती मुलाखत घेतलेल्या माणसाने मत न कळवल्याने. मॅनेजर तीनच्या शिफ्ट बदलाला शॉपवर उभा असतो. त्याला पासवर्ड आठवून, लॅपटॉप उघडून सहा रकाने भरायला लावलंत तर तो तुम्हाला फोन करून ‘ठीक आहे, घ्या’ म्हणेल आणि नोंद होणारच नाही. म्हणून ट्रायलमध्ये त्यालाच बसवा. मेलमधली लिंक दाबून, फोनवर, दोन मिनिटांत त्याचं मत भरून होतं का बघा. ज्या सॉफ्टवेअरमध्ये ते त्याला न शिकवता जमलं ते घ्या, मग बाकी दोन-चार गोष्टी कमी असल्या तरी चालेल.

एआयने उमेदवारांना गुण देण्याची सोय दाखवतील. ती बंद ठेवा. अॅमेझॉनने अंतर्गत वापरासाठी बनवलेलं असं साधन महिलांच्या अर्जांना खाली ढकलत होतं म्हणून त्यांनी ते सोडून दिलं, ही बातमी २०१८ मध्ये आली. वर्कडे या एचआर सॉफ्टवेअर कंपनीच्या अशाच आपोआप छाननीविरुद्ध अमेरिकेत २०२३ मध्ये भेदभावाचा खटला दाखल झाला. तुम्हाला आयटीआयचा ट्रेड कोणता, रात्रपाळी चालेल का, नोटीस पिरियड किती, हे तीन प्रश्न अर्जातच विचारले तरी यादी बरीच आटोक्यात येते.

आधारच्या कॉप्या मेलमध्ये वर्षानुवर्षं पडून असतील तर त्याही या निमित्ताने साफ करा. वैयक्तिक डेटा संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्यात सुरक्षेत हयगय झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. ठरावीक काळाने जुने अर्ज आपोआप पुसायची सोय आहे का, ते विचारून घ्या. अप्रेंटिसचं मात्र यातलं कुणीच पूर्ण निभावणार नाही. तीसच्या वर माणसं असल्याने २.५ ते १५ टक्के अप्रेंटिस घेणं तुम्हाला बंधनकारक आहे, आणि त्यांचे करार सरकारी पोर्टलवरच करावे लागतात.

पहिला करार एकाच वर्षाचा करा. सही करण्याआधी ट्रायलमधला सगळा डेटा, बायोडेटाच्या मूळ फाइली आणि मुलाखतीच्या नोंदींसकट, बाहेर काढून बघा. नुसती नावांची एक्सेल शीट हातात पडली तर त्यांना लेखी विचारा की बाकीचं कसं मिळेल आणि त्याचे पैसे किती.