हे कुणाचं पोरगं चिकटवलंय?

ताई, आमचं गाव गडहिंग्लज तालुक्यातलं, मी नोकरीनिमित्त कोल्हापुरात. माझे थोरले चुलते मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते. १९७१ च्या लढाईत पश्चिम आघाडीवर कामी आले, वय बावीस. वडील तेव्हा नववीत. यंदा १६ डिसेंबरला गावच्या तरुण मंडळानं मोठा कार्यक्रम धरलाय. काकांचा एकच फोटो आहे, भरतीनंतरचा ग्रुप फोटो, ओल लागून चेहरा पुसटलेला. पोरांनी तो एआयच्या ॲपमध्ये घालून रंगीत केला. पिळदार मिशा, छातीवर पदकांची रांग. फलकाचं डिझाइन दाखवायला घरी आणलं, तर वडील म्हणाले, “हे कुणाचं पोरगं चिकटवलंय?” आणि उठून शेताकडं गेले. तेव्हापासून माझ्याशीही तुटक बोलतात. मंडळापुढं माझी पंचाईत झालीय. भावाची आठवण राहावी असं त्यांना वाटतच नाही का? ट्रंकेत काकांची पत्रं आहेत, पण ती ते कुणाला दाखवत नाहीत. – एक पुतण्या

तुमचं मूळ पत्र चांगलं चार पानी आहे. त्यातली साडेतीन पानं फलक, मंडळ आणि गावकरी यांच्यावर गेलीत. ट्रंकेतल्या पत्रांना मात्र तुम्ही शेवटची एक ओळ दिलीत. मी त्या ओळीपाशी अडकले.

आधी वडिलांचं. त्या काळी लढाईत पडलेल्या जवानांवर बहुतेक वेळा आघाडीच्या जवळपासच अंत्यसंस्कार व्हायचे. तिरंग्यात गुंडाळलेली पेटी गावात येते, वेशीपासून माणसं दुतर्फा उभी राहतात, हे आपल्या पिढीनं पाहिलं ते १९९९ च्या कारगिलपासून. १९७१ ला घरी तार यायची आणि मागाहून सामान. म्हणजे तुमच्या वडिलांनी भावाला शेवटचं पाहिलं ते रजा संपवून निघताना. हसताना, नाहीतर चिडवताना, जसा असेल तसा. आजी-आजोबा गेले. तो चेहरा नक्की कसा होता हे सांगू शकणारं माणूस आता घरात एकच उरलंय, आणि त्याच्यासमोर तुम्ही भलताच चेहरा धरलात. ते उठून गेले यात मला काही वावगं दिसत नाही. आठवण नको असती तर त्यांनी “लावा काय लावायचं ते” म्हणून विषय संपवला असता.

त्या पदकांच्या रांगेचंही तसंच. १९७१ ला पश्चिम आघाडीवर असलेल्यांना पश्चिमी स्टार मिळालं, पूर्वेकडच्यांना पूर्वी स्टार, शिवाय संग्राम पदक. शौर्यपदकं वेगळी, ती नावानिशी जाहीर होतात. न मिळालेली पदकं काकांच्या छातीवर लावली तर गावातला एखादा माजी सैनिक फलकापुढं उभा राहून पहिल्यांदा तेच बोलेल. आणि तुमच्या भागात माजी सैनिक नाही असं गाव शोधून सापडायचं नाही.

मंडळाच्या पोरांवर मात्र रागावू नका. त्यांचा जन्म लढाईनंतर तीसेक वर्षांनी झालेला. त्यांच्या हातात एक पुसट फोटो होता, त्यातून त्यांनी जमेल ते केलं. आपल्याकडं वाढदिवसाचा फलक आणि श्रद्धांजलीचा फलक एकाच दुकानात, एकाच संगणकावर, मागचं आभाळसुद्धा तेच ठेवून तयार होतो. त्यात या पोरांचा काय दोष? त्यांना भरायला खरा मजकूर द्या: नाव, आर्मी नंबर, हुद्दा, पलटण, गाव, तारीख. चेहरा लागणारच असेल तर तो ग्रुप फोटो आहे तसाच मोठा करा आणि काका कुठं उभे आहेत तेवढं दाखवा.

हा मजकूर मिळवणं अवघड नाही. आजीच्या पेन्शनच्या कागदांत काकांचा नंबर असेल. तो घेऊन कोल्हापुरातल्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र आणि अभिलेख कार्यालय बेळगावात आहे, संकेश्वरवरून तुम्हाला जवळच. दिल्लीत इंडिया गेटजवळचं राष्ट्रीय युद्ध स्मारक २५ फेब्रुवारी २०१९ ला सुरू झालं. तिथं स्वातंत्र्यानंतर कामी आलेल्या पंचवीस हजारांहून जास्त जवानांची नावं ग्रॅनाइटवर कोरली आहेत. काकांचं नाव कुठल्या भिंतीवर आहे ते शोधा आणि वडिलांना विचारा, “जायचं का बघायला?” नको म्हणाले तर पुन्हा विचारू नका. काही दिवसांनी ते स्वतःच तिकिटाचं काढतील, निदान मला तसं वाटतं.

आता पत्रं. “पत्रं दाखवा” असं म्हणायला जाऊ नका, ट्रंकेला तर हातच लावू नका. “काका कसे गेले?” हेही विचारू नका. ते त्यांना तारेत होतं तेवढंच माहीत असणार, आणि गावानं तेच त्यांना पन्नास वर्षं विचारलंय. बारकं काहीतरी विचारा. काका तालमीत जायचे का? सायकल कुणी शिकवली? मार कुणी जास्त खाल्ला, तुम्ही की त्यांनी? समोरासमोर बसून तर नकोच. उसाला पाणी पाजायला त्यांच्याबरोबर जा, बांधावर बसा, मोबाइल घरी ठेवून. रेकॉर्डिंगचा मोह पहिल्या दिवशी आवरा. एक गोष्ट निघाली की दुसरी निघते, आणि असं बोलता बोलता ट्रंक एखाद्या दिवशी तेच उघडतील.

उघडलीच तर दोन गोष्टी सांभाळा. पत्रांचं लॅमिनेशन करू नका आणि फाटक्या घडीला चिकटपट्टी लावू नका, कागद कायमचा जातो. दिवसाउजेडी सावलीत फोटो काढा आणि पत्रं धुतलेल्या सुती कापडात गुंडाळून ठेवा. त्यातलं कार्यक्रमात काय वाचायचं, वाचायचं की नाही, ते वडील ठरवतील. एखाद्या पत्रात नुसती म्हशीची आणि गुऱ्हाळाची चौकशी असली तरी चालेल. मला विचाराल तर तेच वाचा.

मंडळाकडं मात्र याच आठवड्यात जा. आधी फलक छपाईला गेलाय का ते विचारा आणि गेला असेल तर थांबवा. झालेला खर्च तुम्ही भरा. पोरं कुरकुरतील, पण ऐकतील.