तुम्ही विचारलंत : यूट्यूबचं करायचं काय?

मागच्या अंकात मोबाईलबद्दल दोन ओळी काय लिहिल्या, तुमची पत्रं आणि मेसेज यायचे थांबेनात, आणि त्यातले निम्म्याहून जास्त यूट्यूबबद्दल. म्हणून या वेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवलेत.

प्रश्न : ताई, मी बार्शी तालुक्यात राहते, घरी ब्लाऊज शिवते. लॉकडाऊनमध्ये यूट्यूबवर बघून बघून आरी वर्क (हुकासारख्या सुईने करतात ते भरतकाम) शिकले, कुठे क्लास नाही काही नाही, आणि आता लग्नसराईत ऑर्डरी परत पाठवाव्या लागतात एवढं काम आहे. त्याआधी टिकटॉकवर माझे ९ हजार फॉलोअर झाले होते, ॲप बंद झालं आणि सगळं गेलं, खूप रडले होते तेव्हा. आता स्वतःचं चॅनल काढावं वाटतंय पण मिस्टर म्हणतात वेळ घालवायचे धंदे आहेत. एक जण ५ हजारात १ हजार सबस्क्रायबर देतो म्हणतोय. काढू का चॅनल?

काढा. पण आधी माझं सगळं ऐकून घ्या.

आधी तुमचं कौतुक करू द्या, कारण साखळी टाका हाताला बसवणं किती अवघड असतं ते मला माहितीये, माझी मावशी सोलापूरला शिवणकाम करायची आणि तिला हे शिकायचं होतं पण शिकवणारे कारागीर सुई कशी फिरवतात ते नीट दाखवतच नसत, बाईमाणसाने तासन् तास दुकानात जाऊन बसणंही त्या काळी जमत नव्हतं. तुम्ही तोच टाका व्हिडिओ अर्ध्या स्पीडला लावून वीस वेळा मागे घेऊन बघितला असणार. मला यूट्यूबचा सगळ्यात मोठा फायदा हाच वाटतो, की ज्याला कुणी शिकवायला तयार नव्हतं त्याला शिकता आलं, आणि तेही मराठीत.

आता पैशाचं. जाहिरातीचे पैसे सुरू व्हायला १ हजार सबस्क्रायबर लागतात, आणि त्यासोबत गेल्या १२ महिन्यांत लोकांनी तुमचे व्हिडिओ मिळून ४ हजार तास बघितलेले असावे लागतात, नाहीतर ९० दिवसांत शॉर्ट्सना, म्हणजे छोट्या उभ्या व्हिडिओंना, १ कोटी व्ह्यूज. ४ हजार तास म्हणजे किती, तर दहा मिनिटांचा व्हिडिओ २४ हजार वेळा पूर्ण बघितला गेला पाहिजे, आणि पूर्ण कुणी बघत नाही हे आपल्यालाच आपल्यावरून माहितीये. शॉर्ट्स फीडमध्ये बघितलेला वेळ या तासांत धरत नाहीत, त्यामुळे नुसते अर्ध्या मिनिटाचे व्हिडिओ टाकत बसलात तर ते तास वाढणारच नाहीत. पुढे मोठ्या व्हिडिओवरच्या जाहिरातींतला ५५ टक्के वाटा तुमचा. १०० डॉलर जमले की मगच पैसे खात्यात येतात, आणि त्याच्या आधी १० डॉलर झाले की पत्ता खरा आहे का ते बघायला गुगलकडून पोस्टाने एक पिन नंबर येतो, तेव्हा पत्ता नीट टाका आणि पोस्टमनदादांना सांगून ठेवा.

ते ५ हजार मात्र अजिबात देऊ नका, हात जोडून सांगते. विकतचे सबस्क्रायबर तुमचे व्हिडिओ बघत नाहीत, ते ४ हजार तास कुठून भरणार? शिवाय हे यूट्यूबच्या नियमांत बसत नाही, चॅनल बंद होऊ शकतं. त्याच पैशांत एक चांगला ट्रायपॉड आणि कॉलरचा माईक येईल. आवाज खरखरत असेल तर बघणारे पहिल्या दहा सेकंदात निघून जातात.

टिकटॉकचं तुमचं दुःख मला कळतं. २९ जून २०२० ला सरकारने ५९ ॲप बंद केले त्यात ते गेलं, आणि खेड्यापाड्यातल्या कितीतरी जणांचं असंच झालं, रात्रीत. परक्याच्या जागेत दुकान टाकल्यासारखं आहे हे, मालक कधी उठवेल सांगता येत नाही. म्हणून चॅनल काढलं तरी गिऱ्हाइकांची वही बंद करू नका. नाव, मोबाईल नंबर, कुठल्या लग्नाला काय शिवलं, सगळं लिहीत जा. आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डनंतर मोबाईलवरूनही खात्री करून घेणारं दुसरं कुलूप, पहिल्या दिवशी चालू करा. नगर जिल्ह्यातल्या सुमन धामणे आजी आठवतात का, सत्तरीत रेसिपी दाखवून घराघरात पोचल्या त्या, त्यांचंही चॅनल २०२० मध्ये हॅक झालं होतं, नशिबाने परत मिळालं.

मिस्टरांचं म्हणणं उडवून लावू नका हं. चॅनल चालवणारा माणूस दिवसातून पन्नास वेळा व्ह्यूज बघतो आणि कुणी घाण कमेंट केली की रात्रभर झोपत नाही, हे मी जवळून बघितलंय. आठवड्याला एकच व्हिडिओ ठरवा, शिवता शिवताच शूट करा, मुलं आणि घराचा पत्ता व्हिडिओत येऊ देऊ नका. आणि पहिलं वर्ष जाहिरातीच्या पैशाकडे बघूच नका, व्हिडिओ बघून नवीन ऑर्डर किती आल्या ते मोजा. मला वाटतं मिस्टरांना ते आकडे लवकर पटतील.

प्रश्न : माझा नातू दीड वर्षाचा आहे. मुलगा-सून दोघं नोकरीला, दिवसभर तो आमच्याकडे. मोबाईलवर गाणी लावल्याशिवाय घासच घेत नाही. बायको म्हणते उपाशी ठेवू का? तुम्हीच सांगा. — एक आजोबा, नाशिक

काका, काकूंची घालमेल मला समजते, पोर उपाशी राहिलं की आजीचा जीव थाऱ्यावर राहत नाही. पण या वयात स्क्रीन नकोच. बालरोगतज्ज्ञांच्या इंडियन ॲकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स या संघटनेने २०२१ मध्ये सांगितलंय की दोन वर्षांपर्यंत स्क्रीन द्यायचीच नाही, नातेवाइकांशी व्हिडिओ कॉल तेवढा चालेल, आणि दोन ते पाच वर्षांत दिवसाला जास्तीत जास्त एक तास. गाण्यात गुंगलेलं मूल तोंड उघडतं पण आपण काय खातोय, पोट भरलं की नाही, याच्याकडे त्याचं लक्षच नसतं.

एकदम बंद कराल तर तीन-चार दिवस रडारड होईल, होऊ द्या. आधी संध्याकाळचं जेवण मोबाईलशिवाय करा. गच्चीवर न्या, चिऊ-काऊचे घास करा, वरणभातात त्याचा हात घालू द्या, सांडेल तेवढं सांडू दे. आणि काका, तुम्हीही त्या वेळी फोन खिशात ठेवा. तो दोन वर्षांचा झाला की यूट्यूब किड्स घ्या, त्यात टायमर लावता येतो आणि आपण निवडलेलेच व्हिडिओ दिसतील असं करता येतं. साध्या यूट्यूबवर एक बालगीत संपलं की पुढचं आपोआप लागतं, ते ऑटोप्लेचं बटण आजच बंद करा. मूल किती वेळ बसलं एवढंच ते ॲप बघतं, ते जेवलं की नाही ते काकूच बघणार.

प्रश्न : कापसावरच्या किडीसाठी एका व्हिडिओत तीन औषधं एकत्र करून फवारायला सांगितलंय. लाखभर व्ह्यूज आहेत. करावं का?

नाही दादा, नका करू. व्ह्यूज म्हणजे किती लोकांनी बघितलं, किती जणांचा कापूस वाचला ते नव्हे. यवतमाळला २०१७ मध्ये फवारणी करताना विषबाधा होऊन किती शेतकरी-शेतमजूर गेले ते विसरता येत नाही, त्यामुळे या प्रश्नाला मी घाबरतेच. डब्यावरचं लेबल वाचा, त्यावरचा त्रिकोण लाल असेल तर ते सगळ्यात जहाल. औषधं मनाने मिसळू नका. जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किडीचा फोटो दाखवा, नाहीतर किसान कॉल सेंटरला फोन करा, १८००-१८०-१५५१, फुकट आहे आणि मराठीत बोलतात.

यूट्यूब बघाच, ठिबकची जोडणी, छाटणी, मशिनची दुरुस्ती यासाठी खूप चांगलं आहे. राहुरी, अकोला, परभणी, दापोली इथल्या कृषी विद्यापीठांची माहिती शोधा. पण व्हिडिओ करणाऱ्याचं स्वतःचं औषधाचं दुकान असेल आणि खाली त्याचाच नंबर असेल तर तो व्हिडिओ जाहिरात म्हणून बघा.

प्रश्न : यूट्यूबचे व्हिडिओ लाईक केले की प्रत्येकी ५० रुपये, असा मेसेज आलाय. दीडशे रुपये मिळालेसुद्धा. आता पुढच्या टास्कसाठी २ हजार भरायला सांगतायत.

भरू नका! ते दीडशे विश्वास बसावा म्हणूनच दिलेत. पुण्यात चांगले शिकलेले लोक यात लाखो रुपये घालवून बसलेत. नंबर ब्लॉक करा, ग्रुपमधून बाहेर पडा. आणि हे वाचेपर्यंत भरले असतील तर लाजू नका, कुणाला सांगू न सांगू करत बसू नका, लगेच १९३० या सरकारच्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त.