मोठ्या लॉ फर्मची नोकरी सोडल्यावर दिवाळखोरीच्या वकिलाने पुढे काय करावं?

तुम्ही विचारलंय की मुंबईतल्या मोठ्या फर्ममध्ये इन्सॉल्व्हन्सीच्या टीममध्ये सहा वर्षं झाली, पार्टनर व्हायची इच्छा उरली नाही, पण आयबीसी, म्हणजे दिवाळखोरीचा कायदा, सोडून दुसरं काही येत नाही, तर बाहेर कोण विचारणार? मी अशाच टीममध्ये सात वर्षं होते. मग अडीच वर्षं एआरसीत, म्हणजे बँकांची बुडीत कर्जं विकत घेणाऱ्या कंपनीत नोकरी केली. आता स्वतःची प्रॅक्टिस आहे.

आधी ते 'दुसरं काही येत नाही' मनातून काढा. आयबीसी 2016चा कायदा, कंपन्यांबाबतच्या तरतुदी त्या वर्षीच्या 1 डिसेंबरपासून लागू झाल्या. तीस वर्षं आयबीसी केलेला वकील देशात कुठेच नाही, त्यामुळे तुमची सहा वर्षं लहान नाहीत. शिवाय या कामात आख्खी कंपनी उघडून बघावी लागते. कर्जाचे करार, तारण, कराची थकबाकी, कामगारांची देणी, जमिनीचे सातबारे, सगळं. हे सगळं ज्याच्या हाताखालून गेलंय असा माणूस फर्मबाहेरही लोकांना हवा असतो.

बहुतेकजण आधी बँक किंवा एआरसीकडे वळतात. तिथे तुम्ही सल्ला देणारे राहत नाही, सीओसीत, म्हणजे कर्ज देणाऱ्यांच्या समितीत, मत देणाऱ्यांपैकी होता. फर्ममध्ये मी रिझोल्यूशन प्लॅनवर, म्हणजे कंपनी वाचवायच्या प्रस्तावावर, वीस पानी टिपण लिहायचे. एआरसीतल्या पहिल्याच बैठकीत साहेबांनी माझं तसलं टिपण बाजूला ठेवलं आणि विचारलं, "हेअरकट किती आणि पैसे कधी?" हेअरकट म्हणजे येण्यातली किती रक्कम सोडायची. त्या दोन प्रश्नांची उत्तरं शोधताना मी जेवढं शिकले तेवढं आधीच्या दोन वर्षांत शिकले नव्हते. पगार वेळेवर, संध्याकाळ आपली. फक्त एक गोष्ट कोणी आधी सांगत नाही, म्हणून सांगते. पूर्णवेळ पगारी नोकरी धरली की बार काउन्सिलच्या नियमाप्रमाणे वकिली करता येत नाही. तसं कळवून सनद स्थगित करून घ्यावी लागते आणि परत यायचं तर ती पुन्हा चालू करून घ्यावी लागते. ज्याला कोर्टात उभं राहण्याची ओढ आहे त्याला हे फार जड जातं. मला गेलं. मोठ्या सल्लागार कंपन्यांच्या रिस्ट्रक्चरिंग विभागांतही पगारीच नोकरी असते, तिथेही हाच विचार करा.

स्वतः आरपी, म्हणजे प्रक्रिया चालू असताना कंपनी सांभाळणारा रिझोल्यूशन प्रोफेशनल, होण्याचा रस्ता तुमच्यासाठी अजून थोडा लांब आहे. वकील म्हणून दहा वर्षांचा अनुभव, लिमिटेड इन्सॉल्व्हन्सी परीक्षा, मग अशा प्रोफेशनल लोकांच्या तीनपैकी एका एजन्सीचं सदस्यत्व आणि आयबीबीआय या नियामक मंडळाकडे नोंदणी. पण हे वकिलीचं काम नाही हे ध्यानात घ्या. संचालक मंडळाचे अधिकार थांबतात आणि कारखाना तुमच्या गळ्यात येतो. माझी एक मैत्रीण आरपी आहे. तिच्या पहिल्या कंपनीत पहिला आठवडा कलमं बघण्यात गेलाच नाही. गेटवरच्या वॉचमनचा थकलेला पगार आणि संपत आलेला विमा, यातच तो गेला. ज्याला माणसं आणि हिशेब सांभाळायला आवडतं त्याने जरूर करावं.

काउन्सेल, म्हणजे कोर्टात बाजू मांडणारा वकील, म्हणून प्रॅक्टिस करायची असेल तर मुंबईइतकी चांगली जागा नाही. इथे अशील आणि कागदपत्रं सांभाळणारा सॉलिसिटर आणि काउन्सेल हा भेद जुना आहे आणि ब्रीफ, म्हणजे कोर्टातली कामं, फर्मकडूनच येतात. तुमची पहिली ब्रीफ बहुधा जुन्याच फर्ममधून येईल, तेव्हा बाहेर पडताना नातं तोडू नका. दोन-तीन वर्षं हात आखडून राहावं लागेल, तेवढी शिल्लक बाजूला ठेवा.

आणि आता मी जे करते ते. मोठ्या फर्मकडे बँका येतात, बोली लावणारे येतात, आरपी येतात. सप्लायर, फ्लॅट घेणारे, कामगार येत नाहीत, कारण ती फी त्यांना परवडत नाही. गेल्या वर्षी ठाण्याच्या पट्ट्यातल्या एका बंद कारखान्याचे फिटर माझ्याकडे आले. प्लॅस्टिकच्या पिशवीत एकोणीस वर्षांच्या पगाराच्या चिठ्ठ्या, रबरबँड लावून, वर्षवार. चिठ्ठीवर नाव एक, आधारवर थोडं वेगळं, एवढ्यावरून त्यांचा फॉर्म डी, म्हणजे कामगाराचा दाव्याचा अर्ज, अडकला होता. कंपनी लिक्विडेशनकडे, म्हणजे मालमत्ता विकून बंद होण्याकडे, चालली होती. पीएफ आणि ग्रॅच्युइटीचे फंड लिक्विडेशनच्या मालमत्तेत धरले जात नाहीत आणि कामगारांच्या 24 महिन्यांच्या देण्याला पैसे वाटपाचा क्रम ठरवणाऱ्या कलम 53मध्ये तारणधारक बँकांच्या बरोबरीची जागा आहे, हे त्यांना कोणीच सांगितलं नव्हतं. "मॅडम, बँकेचं फिटल्यावर उरलं तर आम्हाला, असंच ना?" असं ते म्हणाले. फर्ममध्ये असताना अशा माणसांचे दावे मी एक्सेलमध्ये एका ओळीत पाहिले होते आणि 'कागदपत्रांअभावी नामंजूर' हा शेरा मीच ड्राफ्ट केला होता. तो शेरा कसा लिहिला जातो हे माहीत होतं, म्हणूनच तो कसा काढायचा हेही मला कळलं.

एवढ्यावर घर चालत नाही. पहिल्या वर्षी माझी कमाई फर्मच्या पगाराच्या निम्मीही नव्हती. घर चालतं सप्लायरांच्या कामावर. मार्च 2020पासून अर्जासाठी थकबाकीची किमान मर्यादा एक कोटी झाली, त्यामुळे लहान सप्लायरला कलम 9खाली स्वतः कंपनीविरुद्ध अर्ज करता येत नाही, तो आधीच चालू असलेल्या प्रकरणात दावा दाखल करायला येतो. मोठ्याचं आलं तर मी आधी त्याचा फोन मागते. सुप्रीम कोर्टाच्या मोबिलॉक्स खटल्यातल्या 2017च्या निकालापासून आधीचा खराखुरा वाद दिसला की अर्ज गेला, आणि तो वाद पुष्कळदा मालाच्या तक्रारीच्या व्हॉट्सअॅप मेसेजमध्येच असतो. फ्लॅटधारकांचंही काम भरपूर आहे. 2018पासून ते वित्तीय धनको, म्हणजे बँकांसारखे पैसे देणारे, धरले जातात, पण अर्ज करायला एकाच प्रकल्पातले शंभर जण किंवा दहा टक्के लागतात. एवढ्या लोकांना एकत्र ठेवणं हे ड्राफ्टिंगपेक्षा अवघड आहे, आणि कुठल्याही फर्ममध्ये ते शिकवत नाहीत.

राजीनामा देण्याआधी एक करा. कफ परेडला एनसीएलटीत, म्हणजे ही प्रकरणं चालणाऱ्या न्यायाधिकरणात, तुमच्या मॅटरमध्ये काउन्सेलच्या मागे बसण्याऐवजी दोन-चार तारखांना स्वतः उभे राहा, मेन्शनिंग, म्हणजे प्रकरण लवकर घ्या एवढं सांगणं, असलं तरी चालेल. बोर्ड, म्हणजे त्या दिवसाच्या प्रकरणांची यादी, संपल्यावर बाहेर आलात की पाय थकलेत की अजून उभं राहावंसं वाटतंय ते बघा. सनद कुठल्या वर्षाची आणि काम बँकांच्या बाजूने जास्त झालं की आरपींच्या, हे कळवलंत तर मला आणखी नेमकं सांगता येईल.