डिफेक्टला सरसकट दोष म्हणायचं का?

प्रश्न असा आहे की पाणी शुद्ध करणाऱ्या इलेक्ट्रोकॅटॅलिटिक मेम्ब्रेनवर (वीज देऊन घाण मोडणाऱ्या गाळणीवर) मराठीत लिहिताना डिफेक्टला दोष म्हटलं की "मटेरियलमधले दोष वाढवले की रिअ‍ॅक्टिव्ह ऑक्सिजन जास्त बनतो" असं वाक्य येतं (रिअ‍ॅक्टिव्ह ऑक्सिजन म्हणजे घाण मोडणारे ऑक्सिजनचे क्रियाशील प्रकार) आणि वाचणारा तिथेच अडखळतो, दोष वाढवून फायदा कसा होईल? मग दुसरा शब्द हवा का?

दोष हा शब्द वाईट नाही, वात-पित्त-कफ हेही दोषच आणि ते शरीरात असावेच लागतात. घोळ होतो तो दोन अगदी वेगळ्या गोष्टींना आपण एकच शब्द लावतो म्हणून.

पहिली गोष्ट अणूंच्या पातळीवरची. टायटॅनियम डायऑक्साइडमध्ये चार टायटॅनियममागे आठ ऑक्सिजन असतात आणि ते वीज जवळपास वाहूनच नेत नाही, पण आठाचे सात झाले की जे सबऑक्साइड मिळतं ते वीज वाहून नेण्यात ग्राफाइटच्या तोडीचं असतं, म्हणून तर त्याचं अ‍ॅनोड-मेम्ब्रेन (विजेच्या धन टोकाला जोडलेलं मेम्ब्रेन) करता येतं आणि करंट दिला की त्याच्या पृष्ठभागावर पाण्यापासून हायड्रॉक्सिल रॅडिकल (रिअ‍ॅक्टिव्ह ऑक्सिजनचाच एक प्रकार) तयार होतात. ह्याला सरळ "ऑक्सिजनची रिकामी जागा" म्हणा. पोकळी म्हटलं की निर्वात पोकळी आठवते आणि रिक्तिका हा शब्द जीवशास्त्राने पेशीसाठी आधीच घेतलाय. कार्बनच्या कॅथोडवर (ऋण टोकावर) मात्र रिकामी जागा हा शब्द पुरत नाही, तिथे षटकोनांच्या जाळीत मध्येच पंचकोन येतो किंवा कडा उघड्या पडतात आणि अशा काही ठिकाणी ऑक्सिजनचं पाणी होण्याऐवजी हायड्रोजन पेरॉक्साइड होण्याकडे कल वाढतो, तर "जाळीतला बिघाड" चालेल.

दुसरी गोष्ट म्हणजे मेम्ब्रेनला गेलेली भेग किंवा नको तिथे पडलेलं मोठं छिद्र. हायड्रॉक्सिल रॅडिकल मायक्रोसेकंदभरही जेमतेम टिकतो, पृष्ठभाग सोडून लांब जाऊच शकत नाही, म्हणजे घाण पाणी बारीक छिद्रांतून भिंतीला घासूनच जायला हवं. भेग असली की पाणी तिथून सुसाट निघून जातं आणि त्यातली घाण रॅडिकलच्या वाट्याला येतच नाही. हा खरा दोष, इथे दोष किंवा सरळ भेग लिहा.

आणि शब्दाइतकंच "वाढवले की" हेही खटकतं, कारण रिकाम्या जागा कितीही वाढवून चालत नाहीत, रचना कमकुवत होते, शिवाय अ‍ॅनोडवर बराच काळ करंट दिला की त्या जागी ऑक्सिजन पुन्हा येऊन बसतो आणि वरचा थर वीज न नेणारा होत जातो. मी ते वाक्य असं लिहीन: "ऑक्सिजनच्या रिकाम्या जागा बेताच्या प्रमाणात ठेवल्या तर मेम्ब्रेनवर क्रियाशील ऑक्सिजन जास्त बनतो." डिफेक्ट इंजिनिअरिंगसाठी दोष-अभियांत्रिकी नकोच, "रचनेत मुद्दाम ठेवलेल्या उणिवा" लिहिलं तर त्यातला मुद्दामपणा लगेच कळतो.